माघारीचे दिवस

यंदाही ऊस रस्त्याला लागला. सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी राहिले की हायवेकडे निघालेल्या ट्रॉल्या दिसतात, एकीला दुसरी जोडलेली, ऊस पार वरपर्यंत रचलेला. मागे सांडलेल्या कांड्या गोळा करत दोन-चार माणसं चालतात. वारा फिरला की कुठल्यातरी रानातून जळलेल्या पाचटाचा वास येतो. लोकांना हा वास आला की गुऱ्हाळ आठवतं, काकवी आठवते, शेकोटी आठवते. मला तालुक्याच्या कचेरीतलं एक लाकडी बाक आठवतं. माझा स्वभावच तिरपागडा, त्याला कोण काय करणार.

आमच्या गावाकडच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुका याच थंडीत येतात. अर्ज भरायचे, त्यांची छाननी व्हायची आणि मग येतो माघारीचा दिवस. भरलेला अर्ज काढून घ्यायचा असेल तर त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत घ्यायचा. तीन वाजून गेले की राहिलेली नावं पक्की. कागदावर हा एवढाच मामला आहे. पण गावात त्या दिवशी ऊसतोडसुद्धा जरा ढिली पडते. माणसं फडात असतात आणि कान तालुक्याकडे असतात.

मी उंब्रजच्या पुढे आत असलेल्या आमच्या गावच्या शाळेत तीसेक वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहास शिकवला म्हटलं की लोक मान डोलावतात. नागरिकशास्त्र म्हटलं की त्यांना हसू येतं, आणि खोटं कशाला सांगू, मलाही यायचं. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला तो विषय. मार्चमध्ये पोरं आदल्या दिवशी संध्याकाळी तो एका बैठकीत उरकायची आणि पेपर झाला की तिथेच टाकून यायची. मी मात्र फळ्यावर खडूने तीन चौकोन काढायचे, एकाखाली एक. वर दिल्ली, मध्ये मुंबई, खाली आपलं गाव. आणि सांगायचे, यातला वरचा चौकोन खालच्याचा मालक नाही. तिन्ही घरांना अधिकार एकाच ठिकाणाहून मिळालाय, आणि ते ठिकाण म्हणजे तुमच्या आईबापाचं मत. हे सांगताना माझा आवाज जरा चढायचा. मागच्या बाकावरची पोरं तेव्हा एकमेकांना कोपरखळ्या मारायची, हे मला फळ्याकडे तोंड असलं तरी कळायचं.

नववीच्या अशाच एका तासाला राखीव जागांचा धडा चालला होता. अमुक जागा अनुसूचित जातींसाठी, अमुक स्त्रियांसाठी, आणि उरलेल्या सर्वसाधारण. तिसऱ्या बाकावरून सुजाता उठली. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती आहे, तिथली ही मुलगी. दोन घट्ट वेण्या आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाचा गणवेश.

"बाई, सर्वसाधारण जागेवर कोन उभं ऱ्हातं?"

"कुणीही."

"मी पन?"

"तू पण," मी म्हटलं. "सर्वसाधारण म्हणजे सगळ्यांची. तुझं वय झालं, यादीत नाव आलं, की तू पण."

ती बसली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी पुढच्या मुद्द्याकडे वळले. धडा संपवायचा होता, चाचणी तोंडावर आली होती.

मागच्या निवडणुकीची गोष्ट सांगायची तर तिच्याही आधीच्या निवडणुकीबद्दल बोलावं लागेल. त्या वेळी गावात मारामारी झाली होती. दोन भावक्या, एकच बांध, आणि मतमोजणीच्या दिवशी उडालेला गुलाल. सुभेदार आबांच्या धाकट्या लेकाचं डोकं फुटलं, चौदा टाके पडले. त्यानंतर कितीतरी लग्नांत पंगती वेगळ्या बसल्या. आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, पाठीचा कणा अजून ताठ, बोलण्यात मध्येच हिंदी. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. मागच्या वेळी त्यांनीच मारुतीच्या देवळात गाव बसवलं आणि सांगितलं, "बस झालं. औंदा बिनविरोध करायचं. भांडन न्हाई, खर्च न्हाई. बिनविरोध गावाला वरनं जादा निधी बी मिळतुया."

बिनविरोध या शब्दाचं आमच्या भागात भारी कौतुक. जितक्या जागा तितकीच नावं, मग मतदान करायची गरजच उरत नाही. देवळात बसून नावं ठरली. या आळीचा एक, त्या भावकीचा एक, बायकांच्या जागांवर त्यांच्या बायका. बौद्ध वस्तीला त्यांची राखीव जागा, तिच्यावर कोण हेही देवळातच ठरलं. सगळे खूश झाले. मीही झाले. त्या देवळात बौद्ध वस्तीचं माणूस एकही नव्हतं, हे मला त्या वेळी खटकलं नाही. मी मोजलंच नाही.

आणि मग कळलं की एका वॉर्डात एक अर्ज जास्त आलाय. सर्वसाधारण स्त्री जागेवर. सुजाताचा.

लग्न मोडून ती माहेरी परतली होती आणि उंब्रजला शिलाईचं छोटं दुकान चालवत होती. माझे ब्लाउज तीच शिवायची. तिने अर्ज का भरला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वरच्या आळीचं गटार बौद्ध वस्तीच्या तोंडाशी येऊन संपायचं. पुढे बांधायला कुणाला सवडच झाली नव्हती. पावसाळ्यात ते पाणी तिच्या आईच्या चुलीपर्यंत जायचं. ग्रामसभेत दोनदा ठराव झाला. म्हणजे काय, तर शिपाई घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेऊन गेला. राखीव जागेवर आजवर ज्यांना बसवलं होतं ते मासिक सभेत चहा पिऊन परत यायचे. गावाने आणलेला माणूस गावाच्या विरोधात बोलणार कसा, असं सुजाता म्हणायची. तिला कुणी आणायला नको होतं. आपल्या पायाने जाऊन तिथे बसायचं होतं.

गावाला गटाराचं काही नव्हतं. गावाला राग होता जागेचा. "त्यांची राखीव हाय की त्यांना, मग आमच्या जागंवर कशापायी?" असं देवळाच्या पायरीवर बसलेले माझेच विद्यार्थी म्हणत होते. आमची जागा. तो धडा मी त्यांनाही शिकवला होता, त्याच वर्गात, त्याच खडूने.

आबा संध्याकाळी माझ्या घरी आले. पायातल्या वहाणा बाहेर नीट जोडून ठेवल्या. "बाई, पोरगी तुमच्या शबुदाभाईर न्हाई. तुमी समजवा. गावच्या एकीचा सवाल हाय."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आता रोज सुचतं. कणीक मळताना सुचतं, बसमध्ये सुचतं. त्या संध्याकाळी सुचलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे आबांच्या लेकाच्या डोक्याची पट्टी होती. आणि खरं सांगायचं तर गावाने मला काहीतरी मोठं काम सांगितलं याचा मला आनंद झाला होता. निवृत्त बाईकडे कोण येतं नाहीतर?

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दुकानात गेले. ती काज करत होती. मी गावाच्या एकीबद्दल बोलले. टाक्यांबद्दल बोलले. गटाराचं काम मी स्वतः आबांकडून करून घेईन असा शब्द दिला. आणि मग, देवा, मी म्हटलं, "तुझी राखीव जागा आहेच की. पुढच्या वेळी तिथून उभी राहा."

तिने दात लावून दोरा तोडला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी भांडले असते.

"बाई, तुमी सांगितलं हुतं म्हनून भरला," ती म्हणाली. "आता तुमी सांगताय म्हनून काढते."

माघारीच्या दिवशी आबांच्या जीपमधून आम्ही तालुक्याला गेलो. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडलेला, ड्रायव्हर सारखा घड्याळ बघत होता. कचेरीत आम्ही एका लाकडी बाकावर बसलो, ती भिंतीकडच्या बाजूला, मी बाहेरच्या. कारकुनाने माघारीचा नमुना दिला. तिने तो वाचला. सगळा वाचला, मागची बाजूसुद्धा उलटून बघितली. कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करायची नाही, हेही मीच शिकवलेलं. मग सही केली. तीन वाजायला वीस मिनिटं होती. बाहेर हलगी वाजायला लागली होती.

गुलाल उधळला त्या संध्याकाळी. कुणाचं डोकं फुटलं नाही, हे खरं. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर कोपऱ्यात माझाही फोटो, खाली 'मार्गदर्शक'. देवळापुढे सत्कार झाले. आमच्याकडे माघार घेणाऱ्याचाही सत्कार करतात, मोठं मन दाखवलं म्हणून. सुजाताला शाल आणि नारळ दिला. तिने दोन्ही घेतलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि माझ्या पाया पडली. ती पाया पडली तेव्हा मला माझे पाय लपवावेसे वाटले. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने वाटीभर ओल्या खोबऱ्याची चटणी पाठवली. त्याच नारळाची. माउलीच्या मनात काही नव्हतं, घरात नारळ आला, चटणी झाली, शेजारीपाजारी वाटली. मी ती भाकरीबरोबर खाल्ली. चटणी छान झाली होती.

मतदानाची तारीख आली आणि गेली. माझ्या सासूबाई तेव्हा नव्वदीला टेकलेल्या. त्या दिवशी सकाळी अंघोळ करून, इरकल नेसून सोप्यात येऊन बसल्या. "रिक्षा आली का गं?" म्हणाल्या. मी सांगितलं, आत्या, या वेळी मतदान नाही. त्यांना समजेना. "का? कोन मेलं?" त्यांनी विचारलं. मी बिनविरोध म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तीस वर्षं शिकवलेल्या बाईला ते चार वाक्यांत सांगता येईना. त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या आणि मग लुगडं बदलायला आत गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मी गावाची एक निवडणूक वाचवली, असं गाव म्हणायचं; त्यांच्या आयुष्यातली ती शेवटची होती. त्या वर्षी गावात एकाही बोटाला शाई लागली नाही.

एका मुलीचा अर्ज काढला असं मी स्वतःला सांगत होते. तसं नव्हतं. मी सगळ्या गावाचं मत काढून घेतलं होतं आणि गावाने त्याबद्दल माझा फोटो लावला होता. फळ्यावरचा सगळ्यात खालचा चौकोन, ज्याच्यापर्यंत चालत जाता येतं, तो मी माझ्या हाताने पुसला. दिल्लीत कोण काय पुसतं यावर मी पेपर वाचता वाचता रोज तावातावाने बोलते.

गटार? आबांनी दोन वेळा सभेत विषय काढला, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. पण विरोधात कुणी नसलं की ऐकायचं कुणाचं? पाच पावसाळे ते पाणी जिथे यायचं तिथेच आलं. मी दिलेला शब्द तसाच राहिला. मधल्या काळात माझे यजमान गेले, मी लेकाकडे साताऱ्याला आले. सुजाताने दुकान बंद केलं एवढं कानावर आलं. कुठे गेली हे मी विचारलं नाही. विचारायला तोंड हवं ना.

यंदा पाचटाचा वास आला आणि चारच दिवसांत आबांचा फोन. "बाई, माघारीच्या टायमाला या. औंदा बी बिनविरोधच करतुया. तुमचा हात चांगला हाय."

हात चांगला आहे. मी फोन ठेवला आणि हाताकडे बघत बसले.

मग चौकशी करून सुजाताचा पत्ता काढला. ती इथेच, साताऱ्यात, एमआयडीसीत कपडे शिवायच्या कारखान्यात. माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं, आणि मला एवढी वर्षं पत्ता नव्हता. शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटली. केस थोडे पिकलेत. मला बघून तिने आधी बाकावरची धूळ पुसली, मग बसा म्हणाली.

मी घाईघाईने सगळं बोलून टाकलं. माझं चुकलं, जागा तुझी होती, मी तुला खोटं सांगितलं, या वेळी तीच जागा परत सर्वसाधारण स्त्रीला आलीये, तू भर अर्ज, मी तुझ्यासोबत दारोदार फिरते.

तिने माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. "गावातनं नाव काढलंय मी, बाई," ती म्हणाली. "इथल्या यादीत घातलंय. इथं बरं हाय. रांगेत उभं ऱ्हायचं, बटन दाबायचं, घरी यायचं. कोन समजवायला येत न्हाई."

यादीत नाव नाही म्हणजे अर्ज नाही. हे मला तिने शिकवायला हवं होतं का? आम्ही चहा प्यायलो. कप तिने विसळून ठेवले.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस दोन दिवसांवर होता. माझं नाव मात्र अजून गावच्याच यादीत. मी कुणाला विचारलं नाही, लेकालाही नाही. एसटीने तालुक्याला गेले आणि त्याच वॉर्डात, त्याच जागेवर स्वतःचा अर्ज भरून आले. निवडून यायला नाही. या वयात मी कुठे मासिक सभांना जाऊ? एक नाव जास्त झालं की मतदान घ्यावंच लागतं, एवढंच मला हवं होतं. लोकांनी मला पाडावं, पण रांगेत उभं राहून पाडावं. मला वाटलं, हे प्रायश्चित्त झालं. मनातून थोडा अभिमानही वाटला. माझी खोड जात नाही.

गावात काय बोललं गेलं ते लिहीत नाही. भावकीतल्या एकाने फोनवर विचारलं, म्हातारपणी काय सुचलं तुम्हाला. माघारीच्या दिवशी मीच कचेरीत जाऊन बसले, म्हणजे कुणाला मला शोधत साताऱ्याला यायला नको. बाक तेच. या वेळी मी भिंतीकडच्या बाजूला बसले. आबा दीड वाजता आले. पाच वर्षांत कणा जरासा वाकलाय. माझ्या शेजारी बसले, हात जोडले.

"बाई, गावच्या एकीचा सवाल हाय. तुमीच म्हनला हुता तवा."

"म्हटलं होतं, आबा. चुकले."

"माझ्या पोराचं डोस्कं फुटलं हुतं."

"माहीत आहे."

आबा उठले. बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. त्यांचा तो पाठमोरा खांदा बघून मला भडभडून आलं. हा माणूसही भ्यायलेलाच होता, आणि पुन्हा कुणाचं डोकं फुटणार नाही असा शब्द मी तरी त्याला कुठून देऊ? तीनला पंधरा मिनिटं कमी होती. मी सुजाताला फोन लावला. अर्ज भरल्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं.

मागे मशिनींचा आवाज येत होता.

"सुजाता, मी गावात अर्ज भरलाय."

"कंच्या वार्डात?"

"तुमच्याच."

"जागा कंची?"

"सर्वसाधारण स्त्री."

मशिनींचा आवाज लांब गेला, ती बहुतेक बाहेर आली असावी.

"म्हंजी माझ्या जागंवर," ती म्हणाली.

सर्वसाधारण म्हणजे सगळ्यांची, हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल. त्या क्षणी ते माझ्या तोंडून निघेना. पहिल्या वेळी मी तिला त्या जागेवरून उठवलं होतं. आता तिथे मी येऊन बसले होते, तिला न विचारता, तिच्यासाठी म्हणून.

"काढू का मी?" मी विचारलं. "अजून वेळ आहे. तू म्हणशील तसं."

"मी कशाला म्हनू?" ती म्हणाली. मग हळू आवाजात, "काढू नका, बाई. पडला तर पडा. पन काढू नका. माझ्या आयचं नाव हाय अजून तितल्या यादीत. तिला मत टाकू दे."

फोन ठेवला तेव्हा आबा दारात उभे होते, माझ्याकडे बघत. मी मान हलवली, नाही म्हणून. समोर कारकून टेबलावर माघारीचे कोरे नमुने घेऊन बसला होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले. त्याने आणखी एक मिनिट वाट बघितली, मग नमुने गोळा केले, टाचणी लावली आणि कपाटात ठेवून दिले.